तलवारी सुटल्या, राळ अडकली

आषाढात आमच्याकडे कोकणात दशावताराच्या नाटकांना सुट्टी. जत्रा संपलेल्या, पेटारे माळ्यावर, आणि नाना, माझे मोठे काका, खळ्यातल्या लाकडी खुर्चीत बसून पावसाला शिव्या घालतात. तशात दिल्लीच्या एका कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. नाट्यमंडळातले अकराजण, दोन दिवसांत एक प्रयोग, येण्याजाण्याची विमानाची तिकिटं. आणि मी याआधी दोनदा विमानात बसलेलो असल्यामुळे सामानाची जबाबदारी माझ्यावर. हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठा मान मिळत नाही.

पहिलं भांडण पेटाऱ्यावरून झालं. माणशी पंधरा किलो म्हणजे अकरा जणांचे १६५. नाक्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नुसता रिकामा पत्र्याचा पेटाराच अठरा किलो भरला. मी म्हटलं, सगळं बॅगांत भरू. नाना म्हणाले, "पेटाऱ्याशिवाय नाटक? झिला, तू खयच्या गावचो?" रेल्वेने मुंबईला जाताना आम्ही पेटारा डब्यात दाराजवळ ठेवायचो आणि त्याच्यावर बसून पत्ते खेळायचो. शेवटी पेटारा घरीच राहिला. नानांनी त्याच्यापुढे नारळ वाढवला, अगरबत्ती लावली, आणि पूजेच्या सामानाचं एक गाठोडं स्वतःच बांधून स्वतःच्या बॅगेत टाकलं. ते गाठोडं मी उघडून बघितलं नाही. चूक माझी.

कारण माझं सगळं लक्ष हत्यारांवर होतं. पाच तलवारी, एक गदा, धनुष्य, परशू. तलवारी लाकडाच्या, वरून बेगड चिकटवलेली. नानांची एकच पत्र्याची, मुठीला लाल दोरा गुंडाळलेली. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात या तलवारींना घाबरून मीच लहानपणी आईच्या मांडीत तोंड लपवलेलं आहे. केबिनमध्ये खोटं हत्यारसुद्धा चालत नाही, दिसायला खरं असलं की पुरे. म्हणून सगळी चेक-इनच्या बॅगेत, पात्यांना गोणपाट, वर सुतळी. आयोजकांचं पत्र मी तीन प्रतींत घेतलं होतं. मनातल्या मनात हिंदीतली भाषणं तयार होती.

विमानतळावर कोणी विचारलंसुद्धा नाही. तलवारीची बॅग एक्स-रेतून गेली, पडद्यासमोरच्या मुलाने मान तिरकी केली, पत्रावरून नजर फिरवली, हसला, झालं. त्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि लाकूड, कापड, खाणं असलं काही नारिंगी. म्हणजे आमच्या चार तलवारी त्याच्या लेखी पोळपाट-लाटणंच.

मग नानांची बॅग आली आणि पट्टा थांबला.

"ये किसका बैग है?"

गाठोडं सुटलं. आत सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या, कापराची डबी, काडेपेटी, आणि श्रीखंडाच्या जुन्या डब्यात पिवळसर भुकटी, किलोभर तरी. सुरक्षेवाल्याने विचारलं, ये पाउडर क्या है? मी तोंड उघडायच्या आत नाना पुढे झाले. नानांचं हिंदी त्यांच्याच घरचं आहे.

"राळ! ये आग लगाने का है." आणि रिकाम्या उजव्या मुठीने हवेत राळ उडवून दाखवली, तोंडाने "भुस्स्" असा आवाज काढून. मागची रांग दोन पावलं सरकली.

आता हे कसं समजवायचं? राळ म्हणजे साल झाडाचा डिंक. वाटून बारीक केली आणि पेटत्या चुडीवर, म्हणजे सुक्या झावळ्यांच्या मशालीवर, फेकली की ज्वाळा उठते, मग राक्षस येतो. नुसती डब्यात ठेवली तर ती निरुपद्रवी दिसते, पण जळणारी म्हणून ती विमानात नाही. कापूर तेच, काडेपेटी तेच. खोबऱ्याचं मात्र मलाही नवं होतं. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं की कोंडल्या जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात बंदी. नारळावर जगणाऱ्या जिल्ह्यातला भूगोलाचा मास्तर मी, आणि हे मला त्या मुलाने सांगितलं.

मिश्या चिकटवायची स्पिरिट गमची बाटली गेली. किरीटातले दिवे लावायची पॉवर बँक मात्र उलट, ती चेक-इनमधून काढून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आली. तिच्यावरचा क्षमतेचा आकडा वाचताना मी चष्मा पुसला.

पुढे गणपतीचा मुखवटा. पांगाऱ्याच्या लाकडाचा, आजोबांच्या वेळचा. सोंडेला तडा जाईल म्हणून तो हातातच ठेवला होता, बाईची भूमिका करणाऱ्या स्त्रीपार्टीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. ट्रेमध्ये ठेवा, म्हणाले. पुढच्या ट्रेमध्ये कोणाचे तरी बूट.

"देवाक ह्या टोपलीत घालतंस?" नानांचा आवाज नाटकातल्या संकासुर राक्षसाचा झाला.

मी दुसरा ट्रे मागितला. नानांनी खांद्यावरचा पंचा झटकून त्यात अंथरला, मुखवटा सोंड वर करून ठेवला, आणि ट्रे बोगद्यात जाईपर्यंत त्याला धरून चालत राहिले. हात आत जाईल म्हणून जवानाने त्यांना मागे ओढलं. पलीकडे जाऊन ते पुन्हा उभे, बाळ यायचं असल्यासारखे.

दिल्लीत पोचल्यावर राळ नाही म्हणून नाना रात्रभर कुशी बदलत होते. सकाळी मला घेऊन खारी बावलीत गेले, मसाल्यांच्या वखारींतून शिंकत शिंकत फिरले, आणि एका पंसाऱ्याकडे 'राल' मिळाली. चिमूट नाकाशी धरून म्हणाले, "आसा. आमचीच." पाव किलो घेतली. संध्याकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकाने सांगितलं, मंचावर आग चालणार नाही. मग लाल दिवा चमकवून राक्षस आला. टाळ्या पडल्या. नानांनी मेकअप उतरवताना त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

परतताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सामान में कोई ज्वलनशील चीज़?

नानांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वाकून म्हणाले, "नाय गो बाय. ती दिल्लीकच ठेवलंय."