काचेमागची गर्दी

आज स्टॉकहोमच्या मेडेलहाव्स म्युझियममध्ये शिरले ते खरं तर थंडी चुकवायला. आणि समोर काचेमागे मातीच्या शेकडो मूर्ती, सगळ्या माझ्याकडेच रोखून बघतायत! वारीत चुकून उलट्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यासारखं वाटलं.

या मूर्ती शोधणारा स्वीडिश पुरातत्त्वज्ञ एइनार येर्स्टाड १९२७ साली सायप्रसला उत्खननाला गेला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. १९२९ मध्ये तिथल्या आयिया इरिनी या ठिकाणी त्याच्या चमूला अशा सुमारे २००० मूर्ती मिळाल्या, वेदीभोवती अर्धवर्तुळात, जागच्या जागी. पुढे तो स्वीडनमधल्या लुंडला प्राध्यापक झाला, प्राचीन रोमवर सहा खंड लिहिले. असो. माझं मन मूर्तींतच अडकलंय.

नंतर वाटणी झाली. काही इथे आल्या, बाकीच्या सायप्रसमध्येच राहिल्या. अडीच हजार वर्षं एकत्र उभी असलेली मंडळी! मला ते काही पटलं नाही.