स्टेलाऽऽऽ!

आज 26 मार्च, अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सचा जन्मदिवस (1911). न्यू ऑर्लिन्समध्ये दर मार्चअखेर त्याच्या नावाने महोत्सव भरतो, आणि त्यात 'स्टेला'च्या आरोळ्यांची स्पर्धा. त्याच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' नाटकात स्टॅन्ली बायकोला, स्टेलाला, अशीच हाक मारतो. सज्जात स्टेला, खाली बेंबीच्या देठापासून ओरडणारे लोक! फसतात ते घशातून ओरडणारे. 'स्टे'वरच दम संपतो, 'ला' चिरकतो. श्वास पोटातून, जबडा सैल, जोर शेवटच्या आ-कारावर.

हे नाटक (1947; तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं 'वासनाचक्र') बसवताना खरी परीक्षा मात्र ध्वनीत आहे. ब्लू पियानो, म्हणजे ब्लूज वाजवणारा पियानो, कोपऱ्यावरच्या बारमधला, सगळ्यांना ऐकू येणारा. पोल्का ही नाचाची धून फक्त स्टेलाच्या बहिणीच्या, ब्लांशच्या डोक्यातली, तिच्या नवऱ्याने स्वतःवर झाडलेल्या गोळीच्या आवाजापाशी तुटणारी. दोन्ही एकाच स्पीकरमधून सोडले की प्रेक्षकाला वाटतं, बारमध्ये गाणं बदललं. पियानो विंगेतून द्या, पोल्का ब्लांशच्या जवळून, हळू. आणि बाकीच्या नटांनी तेव्हा कान टवकारायचे नाहीत, हे तर सांगावंच लागतं.

ब्लांशने उघड्या बल्बवर लावलेला कागदी कंदील शेवटच्या प्रवेशात स्टॅन्ली ओरबाडतो. तारेने घट्ट बांधलात तर अख्खा दिवा हातात येईल. दोऱ्याची सैल गाठ पुरे. बल्ब एलईडीच, नाहीतर कागद करपतो. कंदील दर प्रयोगाला नवा लागतो, म्हणून प्रयोग वीस असतील तर कंदील पंचवीस आणा.