वजाबाकी, पुन्हा एकदा

दुपारच्या सिग्नलला पुढच्या रिक्षाच्या पाटीवर २१११ दिसला की हात शिवशिवतात. अंक उतरते मांडायचे, मग चढते, आणि मोठ्यातून लहान वजा.

२१११ − १११२ = ९९९. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. तीनच अंक उरले म्हणून ९९९ मधून ९९९ वजा करतात आणि हाती भोपळा! चारही घरं भरलेली हवीत: ०९९९. मग ९९९० − ०९९९ = ८९९१. पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. आता कितीही वजा करा, ६१७४ जागचा हलत नाही. चारही अंक सारखे नसले म्हणजे पुरे. फार तर सात वजाबाक्यांत कुठलीही संख्या इथेच येऊन टेकते.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. वजाबाकी प्राथमिक शाळेतलीच. त्यांनी उत्तर आल्यावर पाटी पुसली नाही, ते उत्तरच पुन्हा त्याच घाण्याला लावलं. सुचणं सुचणं म्हणतात ते कधीकधी एवढंच असतं.

कारण शोधायला बीजगणित लागतं, तेही चिमूटभर. उतरते अंक अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी होते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे हजारो संख्यांचा बाजार पहिल्याच फटक्यात दोन फरकांच्या ५४ जोड्यांवर येतो. ७६४१ मध्ये ते फरक ६ आणि २: ५९९४ + १८० = ६१७४. उरलेल्या जोड्या वहीच्या एका पानावर हाताने तपासून होतात.

तीन अंकांचा मुक्काम ४९५ ला. दोन अंकांना मात्र थारा नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ०९, भोंडल्याचा फेरच. पाच अंकही असेच फिरत राहतात.

बारशाचीही कापरेकरांना हौस. डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावर सुचल्या त्या डेमलो संख्या. १५ मध्ये तिचेच अंक मिळवले की २१ होतात, म्हणून २१ ला जनक आहे. २० ला असा कुणीच नाही, म्हणून ती स्वयंभू. शेंदूर तेवढा लावायचा राहिला.

सिग्नल सुटला. शेजारून ७७७७ ची चकचकीत गाडी गेली. त्या नंबरासाठी जादा पैसे मोजले असणार, आणि पहिल्याच वजाबाकीत शून्य.