लोकलमधून पडून गेलेल्या भावाचा दावा : माझा अनुभव

भरपाई मागायची म्हटल्यावर घरात एकच प्रश्न निघाला. दारात उभा होता ना तो, मग देतील कशाला? माझा थोरला भाऊ 2022 च्या पावसाळ्यात संध्याकाळच्या गर्दीत चालत्या लोकलमधून पडला आणि गेला. मागे वहिनी, शाळकरी पुतण्या आणि आई. गावाकडची माणसं म्हणत होती, नको त्या भानगडीत पडू, सरकारशी कोण भांडणार.

पण हा दावा भांडणाचा नसतो. 1989 च्या रेल्वे कायद्यात 1994 साली कलम 124-अ घातलं गेलं. त्यात चूक रेल्वेची की प्रवाशाची हे बघतच नाहीत. रीतसर प्रवासी, म्हणजे तिकीट किंवा पास असलेला, गाडीतून अपघाताने पडला, एवढं ठरलं की भरपाई लागू. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाचा भर, आणि आजारपण, एवढेच अपवाद. दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जमीला यांच्या खटल्यात म्हटलेलं आहे. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. तोवर त्यांना वाटत होतं की आपण नवऱ्याच्या चुकीचे पैसे मागतोय.

रक्कम ठरलेली आहे. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी 8 लाख, त्याआधी 4 लाख होते. वय, पगार, घरात खाणारी तोंडं किती, काही बघत नाहीत. रस्त्यावरच्या अपघातात पगार आणि वय धरून हिशेब होतो, इथे सगळे एकाच मापात. मला हे आजही पटत नाही.

खरी लढाई झाली ती पहिल्या काही तासांत तयार झालेल्या कागदांशी. स्टेशन मास्तरचा मेमो म्हणजे अपघाताची लेखी खबर, रेल्वे पोलिसांचा घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. आमच्या मेमोत वेळ होती, मार्ग होता, किलोमीटरच्या खांबाचा आकडा होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘रूळ ओलांडताना गाडीची ठोकर लागून’. लिहिणाऱ्याने काही पाहिलेलं नव्हतं. पण रूळ ओलांडताना गेला असं ठरलं की माणूस प्रवासी राहत नाही, आणि मग एक रुपयाही मिळत नाही. उलट पंचनाम्यातली यादी अशी : पाठीवरची सॅक, स्टीलचा डबा, फुटलेला मोबाइल, प्लास्टिकच्या पाकिटात सीझन पास आणि त्याचं ओळखपत्र. त्या यादीने आमचा दावा तारला म्हणायला हरकत नाही. पास हरवलेला असता तरी सगळं संपलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या रीना देवी निकालाप्रमाणे नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र देऊन प्रवासाची हकीकत सांगायची आणि मग खोडून काढायचं काम रेल्वेचं.

ठोकर की पडणं, याचं उत्तर जागेनेच दिलं. तो सापडला ती जागा दोन स्टेशनांच्या मधली, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भिंत. तिथे रूळ ओलांडून जाणार कुठे? आम्ही त्या खांबाच्या आकड्यानिशी नकाशा जोडला. शिवाय सहा-बावन्नच्या लोकलने रोज जाणाऱ्या ग्रुपमधला एकजण पुढे आला. हे लोक वर्षानुवर्षं एकाच डब्यात उभे राहतात, एकमेकांची आडनावंही धड माहीत नसतात. त्याने भावाचा हात दांड्यावरून सुटताना पाहिला होता आणि तसं प्रतिज्ञापत्र दिलं.

दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात लावायचा, घटनेपासून एका वर्षाच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर अशी दोन खंडपीठं आहेत. अपघात झाला तिथेच दावा लावायला हवा असं नाही, अर्जदार राहतो तिथल्या हद्दीतही चालतो. वकील न देता स्वतः उभं राहता येतं. आम्ही दिला, पण शवागाराबाहेर ‘निम्मे आमचे, बाकी काळजी सोडा’ म्हणत कार्ड देणारा नव्हे. वकिलाने रकमेत वाटा ठरवून फी घेणं नियमातच बसत नाही.

वहिनींचं लग्न गावी मांडवात झालेलं, नोंदणी नाही. लग्नाचा पुरावा म्हणून रेशनकार्ड आणि पुतण्याचा जन्मदाखला चालला, कारण दाखल्यावर आई-बाप दोघांची नावं होती. आई भावावरच अवलंबून होती, म्हणून तिचंही नाव अर्जदारांत घातलं.

उलटतपासणीला रेल्वेच्या वकिलांनी वहिनींना विचारलं, “तुम्ही स्वतः पडताना पाहिलं का?”

“नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“सकाळी पास घेऊन गेले होते. संध्याकाळी फोन आला, गाडीत चढलोय, कुकर लाव म्हणून.”

वकिलांनी पुढे फार ताणलं नाही. त्यांचं ते कामच होतं, राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण वहिनी बाहेर येऊन बाकावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

निकाल 2025 मध्ये लागला : 8 लाख, व्याजासह, तिघांत वाटून. 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, तसं अपील झालं नाही. पैसे हातात चेक देऊन मिळत नाहीत, ज्याच्या त्याच्या बँक खात्यात येतात. पुतण्याचा हिस्सा तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत आहे आणि वहिनींच्या हिश्श्यातलाही बराच भाग ठेवीत ठेवायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, घराच्या डागडुजीला हवे होते. मला मात्र बरं वाटलं, कारण निकालाची बातमी गावात पोचताच उसने मागणारे फोन सुरू झाले होते.

निकालाच्या प्रमाणित प्रती घेताना जास्तीच्या घ्या. बँकेने एक ठेवून घेतली, आणि आईच्या आधारवरचं नाव पासबुकाशी जुळेना तेव्हा दुसरी लागली.