गॅसवर मिसिंग करणारी ओम्नी

जूनमध्ये शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. पुण्यात धायरीकडची एक कार्ब्युरेटरची मारुती ओम्नी सकाळीच गॅरेजला आली. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी गाडी, जुना व्हेंच्युरी प्रकारचा (इंजिनाच्या ओढीनेच गॅस खेचणारा) सीएनजी किट बसवलेली. तक्रार अशी: थंड असताना ठीक चालते, पाच-सहा किलोमीटर गेले की सिग्नलला थरथरून बंद पडते, चढावर लोड घेत नाही. पाऊस लागल्यापासून तर मधूनच असा फटका मारते, की एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उडतं आणि मागे बसलेली मुलं घाबरून रडतात. किलोला १९ किलोमीटर जाणारी गाडी १३ वर आली होती.

त्याआधी दोन ठिकाणी काम झालं होतं. एकाने रिड्युसरचे (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) डायफ्राम, म्हणजे आतले रबरी पडदे बदलले, दुसऱ्याने इंजिनाला जाणारा गॅस कमी-जास्त करणारा पॉवर स्क्रू दोन फेरे उघडून दिला. गॅस जास्त गेल्यावर फटके आठवडाभर कमी झाले, म्हणून दोष किटचाच, हे मालकाच्या मनात पक्कं बसलं होतं.

अशा गाडीत गॅसच्या एकाही स्क्रूला हात लावण्याआधी ती पेट्रोलवर चालवून बघायची. इंजिन गरम केलं, पेट्रोलवर घेतलं आणि आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू सोडलं. बंद पडली नाही, पण दर काही क्षणांनी इंजिनाचा ठेका चुकत होता, म्हणजे मिसिंग इथेही होतं. म्हणजे दुखणं मूळ इंजिनात होतं, गॅसवर ते उघडं पडत होतं इतकंच. पेट्रोलमध्ये कार्ब्युरेटर थोडं जास्त इंधन देऊन कमजोर सिलिंडर सांभाळून नेतो. गॅस हवेची जागा खातो, सावकाश जळतो आणि पेटायला ठिणगीही जोरकस लागते, त्यामुळे तिथे हयगय चालत नाही.

किटची जुजबी तपासणी केली. रिड्युसर हाताला गरम लागत होता, म्हणजे कूलंट फिरत होतं. जोडांवर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे नव्हते. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाखालची चाचणी) मुदतीत होती. गॅसवर चालताना पेट्रोल अडवणाऱ्या सोलेनॉइडच्या पुढचा पाइप काढून पाहिला, गॅसवर थेंबही येत नव्हता. तो गळत असता तर दोन्ही इंधनं एकत्र जाऊन गाडी आयडलला गुदमरली असती.

मग इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा-इंधन नेणारी नळी) व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारा काटा लावला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे पुस्तकातल्या १८-२० इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमऐवजी इथे १६-१८ इंच मिळाले तरी ते चांगलंच धरायचं. काटा १६ वर होता, पण ठरावीक लयीत तीन-चार इंच खाली झटका घेत होता. व्हॅक्यूम लीक, म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरत असती तर काटा एकाच जागी खाली स्थिर राहिला असता. लयीतला झटका म्हणजे एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपवला, कॉइलची वायर काढली, तिन्ही प्लग बाहेर घेतले आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गरम इंजिनावर कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. पहिला १५५ पीएसआय, दुसरा १५०, तिसरा ९५. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर जेमतेम १००. पिस्टनच्या रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चांगलाच चढला असता. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तोच सिलिंडर १३० दाखवू लागला. गाडी थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर आजारी का, याचा उलगडा इथे झाला.

व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या एग्झॉस्ट टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची फट इथे ठेवतात) फट मोजायची फिलर गेजची ०.०५ मिमीची पातळ पातीसुद्धा शिरेना. गॅसमध्ये पेट्रोलचा ओलावा आणि थंडावा नसतो, त्यामुळे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह बसतो ती कड, म्हणजे सीट, हळूहळू घासत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट बुजते. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि तो पूर्ण बंदच होत नाही. झिजलेल्या गाडीत टॅपेट वाजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे उलट, आवाज नाही हीच खूण असते. सगळे टॅपेट थंड इंजिनावर मॅन्युअलप्रमाणे लावले, एग्झॉस्टचे वरच्या मर्यादेला. गरम कम्प्रेशन तिसऱ्यात १४५ आलं.

फटक्यांचं कारण मात्र वेगळं निघालं. शटर ओढून अंधार केला आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. एकाच पट्टीने आवळून बांधलेल्या १ आणि ३ नंबरच्या वायरींमध्ये निळी ठिणगी नाचताना दिसली. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-२. पहिल्याची ठिणगी पडते तेव्हा तिसरा सिलिंडर हवा आत ओढत असतो, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो. ठिणगी तिकडे गळली की ज्वाळा मॅनिफोल्डमध्ये शिरते, आणि मिक्सरपासून (गॅस हवेत मिसळतो ती जागा) पुढे सगळीकडे तयार मिश्रण भरलेलं असतं. झाकण उडणार नाही तर काय! पावसाळी दमट हवेत गळती वाढते. त्यात प्लगचा गॅप १.२ मिमीपर्यंत वाढला होता, म्हणून ठिणगी सोपी वाट शोधत होती. नवीन वायरी एकमेकींपासून लांब क्लिपमध्ये बसवल्या, नवे प्लग ०.७ मिमीवर लावले, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर आणि कॅप बदलली, गॅस सावकाश जळतो म्हणून ठिणगीचं टायमिंग मूळ खुणेपेक्षा चार अंश पुढे घेतलं.

गॅसची सेटिंग सगळ्यात शेवटी. इंधनाचा स्विच मधल्या खुणेवर (दोन्ही बंद) ठेवून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवलं, मग गॅसवर घेतलं. रिड्युसरच्या स्क्रूने आयडलिंग बसवलं. इंजिन ३,००० आरपीएमवर धरून पॉवर स्क्रू आत फिरवत नेला. आरपीएम पडू लागला ती जागा एक, बाहेर फिरवताना पडू लागला ती जागा दोन, आणि त्यांच्या मध्याच्या किंचित बाहेर नट आवळला. आधी दिलेले दोन फेरे जवळजवळ पूर्ण परत आले. कात्रजचा जुना घाट बोगद्यापर्यंत चढवून आणली, वर पोचल्यावर आयडलिंगला सोडली, बंद पडली नाही.

मालकाला तेव्हाच सांगितलं होतं, की हा उपाय तात्पुरता आहे, पंधरा दिवसांनी परत या. आले तेव्हा १,२०० किलोमीटर झाले होते आणि तिसऱ्याची फट ०.०४ मिमीने कमी झाली होती. सीट अजून झिजतच होती. मग हेड उतरवलं, तिन्ही एग्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवल्या, नवे व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासून बसवले, पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळती पाहिली, आणि हाताशी आलंच होतं म्हणून टायमिंग बेल्टही नवा टाकला. त्यानंतर ५,००० किलोमीटरला टॅपेट पुन्हा मोजले. लावलेल्या मापावरच होते, आणि गाडी किलोला १८ देत होती.