आमची वाटचाल : जुनं कापड जगवायचा धंदा

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, टॉवेल आठवतो, आता युनिफॉर्मवाल्यांचं पण नाव निघतं, पण आहे ते कापड जगवणाऱ्याचं नाव कोण घेत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आमच्याकडं नवीन शिवून मिळत नाही, पहिल्यापासून नाही. रफू, अल्टरेशन, चेन बदलणे, कॉलर पलटणे, फॉल-पिको, बास.

सुरुवात आमच्या रफूवाल्या मास्तरांमुळं झाली. मास्तर सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, घरी माग, घरात तेलुगू आणि दुकानात मराठी. त्यांचा रफू बघावा! पँटला सिगरेटचं भोक पडलेलं असलं तरी बाजारातला दोरा वापरायचे नाहीत, त्याच पँटच्या आतल्या मार्जिनमधून, म्हणजे शिवणीत दुमडलेल्या जादा कापडातून धागे ओढून काढायचे, आधी उभे भरायचे, मग आडवे एक खाली एक वर असे मागावरच्या विणीसारखे नेत जायचे, शेवटी ओलं फडकं ठेवून इस्त्री. नंतर भोक कुठं होतं ते गिऱ्हाईकाला पण सापडायचं नाही. त्यांची पायमशीन अजून चालू आहे आणि ती मी विकणार नाही. जीन्सच्या पायाचा खालचा घोळ चार पदरी होतो तिथं 16 नंबरची सुई घालून चाक हातानं फिरवत न्यायचं, मोटरची मशीन तिथं टाका सोडते.

मधली वर्षं बरी गेली.

मग एका शोरूमनं अल्टरेशनचं काम आम्हाला द्यायला सुरुवात केली. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. रोज पोतंभर पँटी यायच्या, उंची कमी करा, कंबर कमी करा, आणि उद्या दुपारपर्यंत पाहिजेत. त्यांच्या भरवशावर हप्त्यावर ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड बांधणारं मशीन घेतलं, कारागीर वाढवले, रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. बिल मागितलं की पुढच्या महिन्यात, मालक गावाला गेलेत, चेकवर सही राहिली. असं करत करत एक दिवस काम यायचंच बंद झालं आणि त्यांच्याच दारात ‘अल्टरेशन फ्री’चा बोर्ड लागला, आत मशीनवर आमचाच कारागीर बसलेला. त्याला दोष देत नाही, त्याला पण पोट आहे. पण फ्री म्हणजे काय ओ? कुणाच्या तरी मजुरीतून जाणारच ना ते. त्यात 2020 चा लॉकडाऊन आला, लग्नं थांबली, शाळा बंद, भाडं थकलं, मशीन विकायला काढल्या होत्या.

तेव्हा आमच्या बाई आल्या, रिटायर मुख्याध्यापिका, जुन्या गिऱ्हाईक. अख्खं कपाट रिक्षात घालून आणलं. म्हणाल्या, मला नवीन काही घ्यायचं नाही, हे सगळं परत घालण्यासारखं करून दे, आणि पैसे आधी दिले. इरकली साड्यांचे काठ चांगले होते पण अंग विरलेलं, त्याचे कुर्ते आणि उशांचे अभ्रे काढले, ब्लाउज मोठे केले, शर्टांच्या कॉलरी पलटल्या. नंतर त्यांच्या कॉलनीतून एकेक जण यायला लागला.

आपल्याकडं नळाला कित्येक वर्षं काही-काही दिवसाआड पाणी आलंय, आणि एका कॉटनच्या टीशर्टला कापूस पिकवण्यापासून धरलं तर 2700 लिटरच्या आसपास पाणी जातं असा हिशोब सांगतात. पॉलिस्टरचं तर पेट्रोलियमपासून बनतं, टाकलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही. मग दोनदा घालून टाकायचा कपडा स्वस्त कसा?

विकत घेताना कपडा उलटा करून बघा. मार्जिन किती सोडलंय ते बघा, पँटला मागच्या शिवणीत इंचभर तरी दाब पाहिजे, नाहीतर पोट वाढलं की पँट गेली. फाटलं तर धुवायच्या आधी आणा, मशीनमध्ये फिरलं की भोक दुप्पट होतं आणि धागे विस्कटतात. स्ट्रेच जीन्सला मांडीत मागून पट्टी लावून घ्या, नुसता रफू टिकत नाही. आणि भाव करताना नवीन कपड्याच्या किंमतीशी तुलना करू नका, बोटभर रफूला तास जातो.

ओव्हरलॉकचे हप्ते फिटले, मास्तरांचा मुलगा आता आमच्यात बसतो. शोरूमवाल्यांची थकलेली बिलं, माल दिल्याची चलनं, सगळं फाईलला लावून ठेवलंय. दर दिवाळीच्या आधी मी जाऊन मागतो, आणि याही वर्षी जाणार.