मुंग्यांच्या पलीकडे

टळटळीत दुपारी एखाद्या जुन्या गच्चीवर अजून अँटेना उभी दिसते. कांड्या वाकलेल्या, चपटी वायर लोंबकळतेय, वर कावळा. "आलं का?" "नाही, मुंग्याच!" ही वर-खाली चालणारी आरोळी कुणाला आठवणार नाही? टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवर वळवळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या त्या मुंग्यांपैकी पुष्कळशा शेजारच्या मिक्सरच्या, स्कूटरच्या प्लगच्या, संचातल्याच तापलेल्या सर्किटच्या. शंभरातली एखादी मात्र विश्वाच्या कडेवरून आलेली.

कड म्हणजे भिंत नव्हे. खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरलं की वीस फुटांपुढचं दिसत नाही, पण रस्ता काही संपलेला नसतो. विश्व ३,८०,००० वर्षांचं होईपर्यंत असंच गढूळ होतं. सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. तापमान ३,००० केल्विनपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंत अडकले आणि धुकं निवळलं. तेव्हा सुटलेला प्रकाश आज पोचतो, पण वाटेत १,१०० पट ताणला जाऊन २.७ केल्विनचा उरलेला, रेडिओलहरींसारखा.

१९६४ साली न्यू जर्सीतल्या होल्मडेलला पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांचा कर्णा, म्हणजे कर्ण्याच्या आकाराची अँटेना, कुठंही वळवला तरी तीच खरखर. त्यांनी सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली, आतली कबुतरं हाकलली, त्यांची घाण खरवडून काढली. खरखर तशीच. ती त्या जुन्या प्रकाशाचीच होती. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. कबुतरांचं पुढं वाईट झालं, ते जाऊ दे.

इथं हिशेब हमखास चुकतो. प्रकाश १,३८० कोटी वर्षं चालला, म्हणजे कड तितकीच प्रकाशवर्षं लांब, असं वाटतं. तो निघाला तेव्हा ती जागा जेमतेम सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवर होती. तो चालत राहिला, वाट लांबत राहिली. आज ती जागा साडेचार हजार कोटींच्याही पुढं गेलीय.

आणि तिच्यापलीकडे? बहुधा अशाच दीर्घिका, असेच तारे. हाच जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजणीत अवकाशाला वाक सापडला नाही. असलाच तर इतका थोडा, की सगळं विश्व दिसतं त्याहून कितीतरी मोठं असणार. तिथला प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेला नाही. आज त्या कडेवरून कुणी इकडं बघत असेल तर त्यालाही धुकंच दिसेल, आणि त्या धुक्यात आपण: सूर्य नाही, पृथ्वी नाही, नुसता तापलेला वायू.

नव्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत. निळा पडदा येतो आणि त्यावर 'नो सिग्नल'. तसं बघितलं तर हे खोटंच.